धाकटीची पाती कोण हलवतंय?

"कोण गेलं?"

पाद्रीसाहेब सायकलवरून उतरता उतरताच ओरडले. काळा कोट त्यांनी घाईत चढवला होता आणि त्याची बटणं एकेक काज सोडून लागली होती.

कोबा आणि पीर ही दोघं भावंडं आजोबांच्या अंगणात नाश्ता करत होती. पीरच्या हातात टोस्ट, टोस्टवर लोणी आणि लोण्यावर गुलाबी बडीशेपेच्या गोळ्या. गावात मुलगी जन्मली की घरोघर हेच खातात. बेकरीवाल्या यान्सेकाकांना परवाच मुलगी झाली होती, त्यामुळे पीरचा हा कितवा टोस्ट होता ते कृपा करून विचारू नका.

"कुणी नाही गेलं!" कोबा म्हणाली. "उलट एकजण आलीये!"

"मग ते काय आहे?" पाद्रीसाहेबांनी वर बोट दाखवलं.

दोघांनी वर पाहिलं, आणि पीरच्या हातातला टोस्ट लोण्याच्या बाजूनेच खाली पडला.

समोर धाकटी उभी होती. धाकटी म्हणजे क्लावरडाइक गावची विटांची पवनचक्की. दोनशे वर्षं झाली तरी ती धाकटीच! कारण तिच्याआधी इथे लाकडी थोरली होती. एका वादळात थोरलीचा ब्रेक लागेना, पाती भन्नाट फिरत सुटली, लाकडावर लाकूड घासून ठिणग्या उडाल्या आणि सकाळपर्यंत तिची राख झाली. मग गाव म्हणालं, आता विटांचीच बांधू. नाव मात्र धाकटीच पडलं.

आता या गावात पवनचक्की नुसती पीठ दळण्यासाठी नसते, ती बोलतेसुद्धा. थांबवताना वरचं पातं माथ्यावर पोचायच्या जरा अलीकडे ठेवलं, की गावात आनंद आहे. येणारं पातं, येणारं बाळ! आणि माथा ओलांडून जरा पलीकडे ठेवलं, की दुःख. जाणारं पातं, गेलेलं माणूस. हे इथल्या शेंबड्या पोरालाही समजतं.

काल संध्याकाळी यान्सेकाकांच्या मुलीसाठी मारिनस आजोबांनी पाती आनंदावर ठेवली होती. आणि आज सकाळी ती चक्क दुःखावर होती!

बघता बघता अंगणात निम्मं गाव जमलं. कुणी फुलं आणली होती, कुणी नुसताच उतरलेला चेहरा. सगळ्यांत शेवटी बाळाची आजी, म्हणजे यान्से आजी, काठी आपटत आल्या.

"मारिनस! माझी नात धडधाकट आहे आणि ठणाणा रडतेय! आणि तू अख्ख्या गावाला काय सांगतोयस?"

आजोबा दारात उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी आनंदावरच ठेवली होती," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "ठेवली होती ना?"

हा प्रश्न ते दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःलाच विचारत होते.

"चालायचंच हो!" गर्दीतून एक जाडजूड आवाज आला. धाकटीच्या दुरुस्तीचे कंत्राटदार स्लाब्बेकोर्न! दिलदार माणूस, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. "वय झालं की होतंच असं. माझे सासरे तर एकदा दुसऱ्याच्या घरात जाऊन जेवून आले!"

लोक हसले. आजोबा हसले नाहीत.

पवनचक्की समितीच्या अध्यक्षा वेस्त्रातेबाई पुढे आल्या. त्या वाईट नव्हत्या, फक्त घाईत होत्या. गेली तीन वर्षं त्या घाईतच होत्या. "मारिनस, शनिवारी उद्घाटन आहे. पन्नास वर्षांनी धाकटी पुन्हा दळणार. पाहुणे येणार. पुन्हा असं झालं ना, तर मला किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही वाटून घेत," आजोबा म्हणाले, आणि आत गेले. अर्थातच वाटलं होतं.

* * *

"बदला!" टॅना म्हणाली.

टॅना शेजारची. तिला प्रत्येक गोष्टीत बदला दिसायचा. तिघं बंधाऱ्यावर गवतात बसली होती. मागे समुद्र आणि पुढे धाकटी, अशी ही त्यांची सुट्टीतली कचेरी.

"कोण घेणार बदला? आणि कशाचा?" कोबाने विचारलं.

"पलीकडच्या गावातली पोरं! गेल्या वर्षी आपण त्यांना रस्सीखेचीत चिखलात पाडलं होतं."

"तू पाडलंस," पीर म्हणाला. "रस्सी सोडून देऊन."

"ती युक्ती होती!"

"गप्प बसा रे दोघं!" कोबा ओरडली. ती एरवी ओरडायची नाही, म्हणून दोघं एकदम गप्प झाली. "मघाशी मी आजोबांना पाहिलं. पवनचक्कीच्या पायरीवर बसले होते, एकटेच. चष्मा काल ब्रेडच्या डब्यात सापडला होता ना त्यांचा? तेच मनाला लावून बसलेत. मांजरीला सांगत होते, म्हणे, 'आज चष्मा विसरलो, पाती विसरलो, उद्या पोरांची नावं विसरेन.'"

पीरने गवताची काडी तोंडातून काढली.

"आजोबा माझं नाव विसरणार नाहीत," तो म्हणाला. "दिवसातून शंभरदा ओरडतात ते."

पण त्याचाही आवाज जरा चिरकाच आला. कारण आजोबा म्हणजे धाकटी आणि धाकटी म्हणजे आजोबा. युद्धात बंधारे फुटून गावात समुद्र शिरला, तेव्हा आजोबांच्या वडिलांनी शेजारपाजारच्यांना याच विटांच्या मनोऱ्यात वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं होतं. पुढे विजेच्या गिरण्या आल्या, धाकटी बंद पडली, पाती कुजली आणि मनोऱ्याच्या टोपीत, म्हणजे वरच्या छपराखाली, कावळ्यांनी संसार थाटले. तरी आजोबा रोज जाऊन दार उघडायचे, म्हणायचे, घराला वारा लागला पाहिजे. दुरुस्ती सुरू झाली, तेव्हा खाऱ्या पाण्याने खाल्लेल्या विटा एकेक करून बदलल्या. नव्या विटा कच्च्या असताना गावातल्या प्रत्येक मुलाने एकेका विटेवर आपलं नाव कोरलं होतं. पीरने आपल्या विटेवर नावाऐवजी सॉसेज काढलं, ती गोष्ट वेगळी.

"आज संध्याकाळी आजोबा पाती पुन्हा आनंदावर ठेवणार आहेत," कोबा म्हणाली. "यान्से आजींनी हुकूमच सोडलाय तसा. आपण तिथे जायचं. डोळे उघडे ठेवायचे. आणि रात्री कुणी तिकडे फिरकलं तर सकाळी आपल्याला कळलं पाहिजे."

"कसं कळणार?"

कोबा हसली. "पवनचक्की म्हटलं की काय आठवतं, वेड्या?"

* * *

संध्याकाळी आजोबा सज्जावर चढले. सज्जा म्हणजे मनोऱ्याच्या कमरेभोवतीची लाकडी गच्ची. पातं तिच्यापर्यंत खाली येतं, म्हणून सगळी कामं तिथूनच होतात. ब्रेकचा दोरही वरच्या टोपीतून तिथेच लोंबतो. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आजोबा टोपीपर्यंतच्या उभ्या शिड्या चढत नव्हते.

दोर ओढला की ब्रेक सुटतो, सैल सोडला की लागतो. आजोबांनी ओढला, पाती कुरकुरत निघाली, आणि वरचं पातं माथ्याच्या अलीकडे आलं तसा त्यांनी दोर सोडला. पाती थांबली. मग खालच्या पात्याच्या टोकाला त्यांनी लोखंडी साखळी अडकवली. ती सज्जावरच्या खुंट्यापर्यंत झोपाळ्यासारखी सैल लोंबत राहिली.

"एवढी सैल?" टॅनाने विचारलं.

"साखळी असते ती पातं पळून जाऊ नये म्हणून, बाळा. जागचं हलू नये म्हणून ब्रेक असतो." आजोबांनी तीनतीनदा वर पाहिलं. "आनंदावर आहे ना गं, कोबा? नीट बघ."

"आनंदावरच आहे, आजोबा!"

टॅनाने फोनवर फोटो काढला. आजोबा खाली उतरल्यावर मुलांनी जिन्यावर आणि सज्जाच्या फळ्यांवर बेकरीतून आणलेल्या पिठाचा पातळ थर चाळून टाकला. पीर स्वतःही चाळला गेला आणि भुतासारखा दिसू लागला.

सकाळी सूर्य उगवायच्या आत तिघं धावत आली.

पाती दुःखावर!

"बदला!" टॅना किंचाळली.

"आधी पीठ बघ!"

पीठ जसंच्या तसं होतं. जिन्यावर मांजराची चार पावलं, सज्जावर चिमण्यांची नक्षी. माणसाचा एक बूट उमटलेला नव्हता.

"म्हणजे भूत!" पीर कुजबुजला.

"भूत असतं तर तुला भाऊ म्हणून घेऊन गेलं असतं काल," टॅना म्हणाली.

कोबा कठड्यावरून वाकून बघत होती. "साखळी बघा. काल सैल होती. आज बघा कशी ताठ आहे! कुणी माणसाने पाती फिरवली असती तर साखळी आधी काढली असती, मग पुन्हा नीट अडकवली असती. इथे साखळीला कुणी हातच लावलेला नाही. वाऱ्याने पाती स्वतःच सरकत गेली, आणि साखळीने धरलं तेव्हा थांबली!"

"अगं, पण ब्रेक आहे ना?" टॅना म्हणाली, आणि मग तिघांनी एकदमच वर, टोपीकडे पाहिलं.

आजोबांना उठवायला वेळ लागला नाही. ते जागेच होते. सगळं ऐकून त्यांनी किल्ली दिली. "शिडीला दोन्ही हातांनी धरा. आणि चाकाच्या आत बोट घालायचं नाही, कळलं? मी खाली उभा आहे."

टोपीत अंधूक उजेड होता. मधोमध ते अजस्र लाकडी चाक, आणि त्याला चारी बाजूंनी मिठी मारून बसलेले लाकडी ठोकळे. तोच ब्रेक. सगळं कसं नव्या नवरीसारखं चमकत होतं!

पीरने चाकाच्या कडेवर हात टेकला आणि तो सर्रकन घसरला. "ई! बुळबुळीत!"

टॅनाने त्याचा हात ओढून नाकाशी नेला. तिचे बाबा कपाटं रंगवायचे. "जवसाचं तेल! शंभर टक्के! आमचं सगळं घर याच वासाचं आहे."

"ब्रेकला तेल?" कोबाला हसावं की रडावं कळेना. "म्हणजे हातांना साबण लावून दोरी धरायची!"

खाली आल्यावर त्यांनी आजोबांना सांगितलं. आजोबा पायरीवर बसले आणि म्हणाले, "गेल्या आठवड्यात स्लाब्बेकोर्नची माणसं आली होती वर. म्हणाली, फोटोसाठी जरा चमक आणतो. चमक! अरे, थोरली कशाने जळली, विसरले काय हे? शनिवारी वारा असणार. मी ब्रेक सोडीन. सोडणं सोपं असतं. थांबवणार कशाने?"

* * *

मोठ्या माणसांना खरी गोष्ट सांगितली की ती लगेच ऐकतात, असं कुणाला वाटत असेल तर त्याने क्लावरडाइकला यावं.

"लाकडाला तेल पाजलं की लाकूड टिकतं, पोरांनो!" तक्रार घेऊन आलेल्या आजोबांना आणि मुलांना स्लाब्बेकोर्न काका वेस्त्रातेबाईंसमोरच हसून म्हणाले. "माझा ब्रेक आहे तो. दहा घोडे जुंपा, हलणार नाही!"

"पण आमच्याकडे फोटो आहे!"

"संध्याकाळचा. मग पहाटे आजोबा उठले, पाती फिरवली आणि विसरले."

"पिठावर पाऊल नव्हतं!"

"मांजरीचं होतं म्हणता ना? तिला पकडा!" आणि त्यांनी वेस्त्रातेबाईंकडे बघून हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच हलक्या, म्हटलं, "बिचारा म्हातारा. स्वतःच्या विसरभोळेपणाचं खापर आता माझ्या ब्रेकवर फोडतोय."

कोबाचे कान लाल झाले. वेस्त्रातेबाईंनी घड्याळ पाहिलं. "उद्घाटनानंतर बघू. सोमवारी सकाळी आठवण करा. आणि मारिनस, शनिवारनंतर किल्लीचं बोलू आपण."

परत येताना आजोबांच्या जरा मागे राहून पीर म्हणाला, "आपणच ते तेल पुसून टाकू की!"

"लाकडाने पिऊन टाकलंय ते, पुसून जाणार नाही," कोबा म्हणाली. "आणि पुसलं, तरी आजोबाच खोटे ठरतील. नाही! ब्रेक घसरताना सगळ्यांनी बघायला हवा. स्लाब्बेकोर्न काकांनी तर पहिल्या रांगेतून!"

ती चालता चालता थांबली. "टॅना, उद्घाटनाला फीत कापतात ना?"

* * *

शनिवारी वारा असा सुटला होता की बेकरीच्या टेबलावरची दालचिनीच्या पावाची चिकट वळी कागदासकट उडायला बघत होती. पीरने त्यांच्या रक्षणाचं काम स्वतःहून पत्करलं.

"आम्ही मुलांनी फीत बांधू का?" कोबाने वेस्त्रातेबाईंना गोड आवाजात विचारलं होतं. "पात्याच्या टोकापासून कठड्यापर्यंत. सगळ्यांना खालून दिसेल."

"किती गोड गं पोरं ही!" वेस्त्रातेबाई म्हणाल्या होत्या. त्यांना फितीची आठवणच राहिली नव्हती.

पाती आजोबांनी नुकतीच पुन्हा आनंदावर आणली होती. केशरी फीत मुलांनी थोडीशीच सैल बांधली, साखळीपेक्षा पुष्कळ कमी. आजोबा साखळीच्या खुंट्याशी उभे होते. त्यांच्याकडे जाऊन कोबा कुजबुजली, "आजोबा, काही झालं तरी साखळी काढू नका. मी सांगेपर्यंत."

आजोबांनी फितीकडे पाहिलं. मग नातीकडे. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "मी? मी विसरभोळा माणूस. साखळी काढायची असते हेच मी विसरलो!"

स्लाब्बेकोर्न काका सज्जावर, कठड्याशी, अगदी फितीच्या शेजारीच उभे राहून भाषण करत होते. खाली सगळं गाव मान वर करून उभं.

"मित्रहो! या धाकटीला मी पोटच्या मुलीसारखं सांभाळलं! हिची टोपी नवी, पाती नवी..."

क्रर्र.

"...आणि ब्रेक तर असा बसवलाय..."

फीत सैल होती, ती सरळ झाली. खाली टॅनाने पीरचा दंड असा दाबला की त्याच्या तोंडातलं वळं बाहेर आलं.

"...की दहा घोडे जुंपले तरी..."

क्रर्र, क्रर्र. फीत ताणली. अजून ताणली. पहिल्या रांगेतल्या यान्से आजींनी काठी वर केली. "अहो! ती हलतेय!"

"घोडे जुंपले तरी, आजी, ही पाती तसूभरही..."

फट्! फीत तुटली, तिचं टोक स्लाब्बेकोर्न काकांच्या नाकावर सट्कन बसलं, त्यांच्या डोळ्यांदेखत पातं समोरून सरकत गेलं आणि साखळीने खणकन त्याला धरलं. धाकटी उभी राहिली ती थेट दुःखावर! सबंध गावासमोर, भर दुपारी, ब्रेक लागलेला असताना.



"कोण गेलं?" पाद्रीसाहेबांनी सवयीने विचारलं.

"भाषण!" यान्से आजी म्हणाल्या, आणि गाव असं हसलं की बंधाऱ्यावरचे सीगल उडाले.

पण स्लाब्बेकोर्न काका हसत नव्हते. ते साखळीकडे बघत होते. "ही काढली असती..." ते पुटपुटले. "आणि या वाऱ्यात ब्रेक सोडला असता..."

"तर थोरलीसारखी धाकटीही गेली असती," आजोबा शांतपणे म्हणाले. "आणि खाली पोरं उभी होती."

स्लाब्बेकोर्न काका तसेच टोपीत चढले. खाली आले तेव्हा त्यांचे हात तेलकट होते आणि मान खाली होती. माणूस बोलघेवडा असला तरी खोटा नव्हता. ते कठड्याशी गेले आणि त्यांनी आयुष्यातलं सगळ्यांत लहान भाषण केलं. "चूक माझी. मारिनसची नाही. फोटो चांगला यावा म्हणून केलं आणि वर जाऊन तपासलं नाही."

वेस्त्रातेबाईंनी पहिल्यांदाच घड्याळ पाहिलं नाही. त्या आजोबांपुढे आल्या. "मारिनस, मी तुमचं ऐकायला हवं होतं. आणि या पोरांचंही. किल्ली तुमचीच. तुम्ही म्हणाल तेव्हा उद्घाटन."

"आणि पोरांनो, तुमची बुद्धी या मनोऱ्याएवढी!" पाद्रीसाहेब म्हणाले.

"सॉसेजएवढी!" टॅना पीरकडे बघून म्हणाली.

आजोबांनी खाली येऊन तिघांना एकदमच कुशीत घेतलं, आणि कोबाला तेवढं ऐकू गेलं, "मला वाटलं होतं गं, माझंच डोकं घसरायला लागलं."

"ब्रेक घसरत होता, आजोबा! फक्त ब्रेक!" कोबा म्हणाली आणि रडली. रडायचं असं तिचं अजिबात ठरलेलं नव्हतं.

* * *

नवे ठोकळे बसले, चाकाची तेलकट कड तासून काढली, आणि सुट्टी संपायच्या आत धाकटी दळू लागली. पहिल्या पिठाचा पहिला पाव यान्सेकाकांनी भाजला आणि यान्से आजींनी तो स्वतः आणून आजोबांच्या टेबलावर ठेवला. संध्याकाळी ब्रेकचा दोर आजोबांनी कोबाच्या हातात दिला. तिने तो सोडला आणि पाती तिला हवी तिथेच थांबली.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोबा झोपायच्या कपड्यांतच बाहेर धावली. आजोबा आधीच अंगणात उभे होते, पायात एक सपात आणि एक बूट.

"मी सहज आलो होतो," ते म्हणाले.

"मी पण," कोबा म्हणाली.

दोघांनी वर पाहिलं. पातं माथ्याच्या अलीकडे, ठेवलं होतं तिथेच, आनंदावर.

तेवढ्यात रस्त्यावरून पाद्रीसाहेबांची सायकल आली. आज बटणं बरोबर लागली होती. "अरे वा! आज कुणाकडे? कोण जन्मलं?"

"कुणी नाही!" मागून पीर ब्रेडचा डबा घेऊन धावत आला. "आजोबांचा चष्मा सापडला!"

आजोबांनी चष्मा घेतला, त्यावरचे पावाचे कण सदऱ्याला पुसले आणि डोळ्यांवर चढवून धाकटीकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग ते इतके मोठ्याने हसले, की टॅना शेजारच्या खिडकीतून ओरडली, "काय झालं? बदला?"